एक माणूस सुट्टीवर गेला की काम का अडतं? ऑफिसमधलं ज्ञान जपायचं आणि वाटायचं कसं

"ते काकांनाच माहीत आहे, ते आले की विचारू." नोकरीच्या पहिल्या महिन्यातच हे वाक्य तुमच्या कानावर पडलं असेल. काका सुट्टीवर असतात, त्यांचा फोन लागत नाही आणि पाच मिनिटांचं काम दोन दिवस पडून राहतं. मिहानमधली आयटी कंपनी असो, बुटीबोरीतला कारखाना असो, इतवारीतलं होलसेल दुकान असो की रामदासपेठेतलं हॉस्पिटल, हा प्रकार सगळीकडे सापडतो.

यावरच्या उपायाला नॉलेज मॅनेजमेंट म्हणतात. नाव जड आहे, पण अर्थ साधा: कामाच्या ठिकाणी जे कळलेलं आहे, ते ज्याला हवं त्याला, हवं तेव्हा मिळेल अशी सोय करणं. यासाठी लाखांचं सॉफ्टवेअर लागतंच असं नाही. पाच-दहा जणांच्या टीमला एक फोन आणि थोडी शिस्त पुरते. मी नागपुरात राहतो, त्यामुळे उदाहरणं शक्य तिथे इथलीच घेतली आहेत.

ज्ञान दोन प्रकारचं असतं

पहिलं प्रकट ज्ञान. हे लिहिता येतं, फॉरवर्ड करता येतं. आजचा भाव, मशीनचं मॅन्युअल, सुट्ट्यांची यादी, जीएसटीचा दर ही सगळी प्रकट ज्ञानाची उदाहरणं.

दुसरं अव्यक्त ज्ञान. हे हातात, डोळ्यांत आणि सवयीत असतं. कळमना मार्केटमध्ये संत्र्याचा आजचा भाव कुणीही सांगेल. पण फळ हातात घेऊन "हे लांबच्या गाडीत टिकणार नाही, इथेच विका" असं सांगणारा माणूस वेगळा. त्याला विचारलं, कसं ओळखलं? तर तो म्हणतो, "सवय आहे भाऊ." तो काही लपवत नसतो. त्याला खरंच शब्दांत सांगता येत नाही.

या प्रकाराकडे मायकेल पोलानी या विचारवंताने लक्ष वेधलं. आपल्याला जितकं सांगता येतं त्याहून जास्त माहीत असतं, असं त्याचं म्हणणं होतं. त्याचं याच विषयावरचं पुस्तक १९६६ साली आलं. पुढे १९९५ मध्ये इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची या दोन जपानी अभ्यासकांनी कंपन्यांमध्ये ज्ञान कसं फिरतं, याचे चार टप्पे मांडले. सोप्या भाषेत ते असे:

१. सोबत राहून शिकणं. उस्तादाच्या बाजूला उभं राहून बघणं.
२. शब्दांत आणणं. जे हातात होतं ते बोलून किंवा लिहून काढणं.
३. जोडणं. चार जणांनी लिहिलेलं एकत्र करून एक पद्धत ठरवणं.
४. अंगी बाणवणं. लिहिलेलं वाचून, करून करून ते स्वतःच्या हातात आणणं.

बहुतेक ऑफिसं फक्त तिसऱ्या टप्प्यावर खर्च करतात. सॉफ्टवेअर घेतात, फोल्डर बनवतात. पण दुसरा टप्पा झालेलाच नसतो, म्हणजे आत टाकायला काही लिहिलेलं नसतं. फोल्डर रिकामे राहतात.

जिथे विसरणं परवडत नाही, तिथे काय करतात?

नागपूर हे रेल्वेचं मोठं जंक्शन आहे. मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे, दोघांच्याही विभागाचं मुख्यालय इथे आहे. एखाद्या लोको पायलटला इंजिन उत्तम चालवता येतं म्हणून त्याला कोणत्याही मार्गावर गाडी देत नाहीत. आधी त्या मार्गाची ओळख करून घेण्यासाठी त्याला जाणत्या पायलटसोबत फेऱ्या कराव्या लागतात. रेल्वेच्या बोलीत याला 'लर्निंग रोड' किंवा नुसतं 'एलआर' म्हणतात. सिग्नल कुठे आहे, चढ कुठे लागतो, ब्रेक कुठून धरायचा, हे त्याने पाहून घ्यायचं आणि मार्ग माहीत असल्याची सही करायची. बराच काळ त्या मार्गावर गाडी नेली नसेल तर पुन्हा फेऱ्या. नागपूर–इटारसी मार्गावर मरामझिरी आणि धाराखोहच्या दरम्यान घाट आहे. तिथला उतार कागदावर वाचून कळतो, पण गाडीत बसून उमगतो. म्हणून रेल्वेने नियमांचं पुस्तक आणि सोबत राहून शिकणं, दोन्ही सक्तीचं ठेवलंय.

दुसरं उदाहरण खाणीचं. वेस्टर्न कोलफिल्ड्स या कंपनीचं मुख्यालय नागपुरात सिव्हिल लाइन्सला आहे. सावनेर, उमरेड या भागात तिच्या खाणी आहेत. कोळसा खाणीत ओव्हरमन आणि सरदार यांना आपल्या पाळीतल्या तपासणीचा अहवाल बांधीव, पानांना क्रमांक असलेल्या वहीत लिहून सही करावी लागते. बांधीव आणि क्रमांक असलेलीच का? कारण पान फाडलं तर लगेच कळतं.

हा काटेकोरपणा कशासाठी, हे चासनाला खाणीच्या अपघातावरून समजतं. धनबादजवळच्या या खाणीत २७ डिसेंबर १९७५ रोजी जुन्या, सोडून दिलेल्या भागात साठलेलं पाणी फुटून आत शिरलं आणि सुमारे ३७५ कामगार गेले. २ फेब्रुवारी २००१ रोजी बागडिगी खाणीत असंच शेजारच्या जुन्या कामांमधलं पाणी आलं, २९ जणांचा जीव गेला. जमिनीखालचा जुना बोगदा डोळ्यांना दिसत नाही. तिथे वीस-तीस वर्षांपूर्वी खोदणारी माणसं निवृत्त झालेली असतात. तो कुठपर्यंत गेलाय, हे फक्त नकाशा सांगतो. म्हणूनच खाण बंद करताना तिचा नकाशा खाण सुरक्षा खात्याकडे द्यावा लागतो, आणि जुन्या सोडलेल्या कामांच्या ६० मीटरच्या आत खोदायचं तर आधी परवानगी लागते.

तुमच्या ऑफिसमध्ये बहुधा कुणाच्या जीवावर बेतणार नाही. पण प्रश्न तोच आहे: आधीच्या माणसाने काय करून ठेवलंय, हे पुढच्या माणसाला कुठे सापडेल?

नीरीने पद्धत सोपी केली, मग ती पसरली

नागपुरातल्या नीरी या संस्थेचं कोविड काळातलं काम मला या विषयातलं सगळ्यात चांगलं स्थानिक उदाहरण वाटतं. तेव्हा आरटी-पीसीआर चाचणीसाठी नाकातून किंवा घशातून स्वॅब घ्यावा लागायचा. तो घेणारा माणूस प्रशिक्षित हवा. म्हणजे चाचणी किती होणार हे अशी माणसं किती आहेत त्यावर ठरायचं.

नीरीच्या पर्यावरणीय विषाणूशास्त्र विभागातले डॉ. कृष्णा खैरनार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सलाईनच्या गुळण्यांची पद्धत विकसित केली. नळीत सलाईन असतं, त्याने गुळण्या करायच्या आणि ते पुन्हा त्याच नळीत सोडायचं. प्रयोगशाळेत हा नमुना नीरीने तयार केलेल्या द्रावणात साध्या तापमानाला ठेवायचा, मग गरम करायचा, की आरएनए पुढच्या चाचणीसाठी तयार. मे २०२१ मध्ये या पद्धतीला आयसीएमआरची मान्यता मिळाली, आणि देशातल्या इतर प्रयोगशाळांना ती शिकवण्याचं कामही नीरीकडे आलं. सप्टेंबर २०२१ मध्ये हे तंत्र केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाकडे देण्यात आलं, म्हणजे उद्योगांना ते वापरता यावं.

इथे लक्षात घेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. एक, ज्ञान वाटायचं तर आधी काम इतकं सोपं करा की ते करायला खास हात लागणार नाही. दोन, पद्धत लिहून झाली तरी लोकांना प्रत्यक्ष शिकवावं लागलंच. नुसती पीडीएफ पाठवून काम झालं नाही.

पॉइंट दिले की काय होतं? इन्फोसिसचा अनुभव

१९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या आणि आज मिहानमध्येही ऑफिस असलेल्या इन्फोसिसने २००० च्या सुमारास 'के-शॉप' नावाचं अंतर्गत पोर्टल काढलं. प्रोजेक्टमध्ये शिकलेल्या गोष्टी कर्मचाऱ्यांनी तिथे लिहायच्या. लोकांनी लिहावं म्हणून 'नॉलेज करन्सी युनिट' नावाचे पॉइंट सुरू केले. लिहिलं की पॉइंट, इतरांनी चांगलं म्हटलं की आणखी पॉइंट, आणि पॉइंटच्या बदल्यात बक्षीस.

काय झालं असेल, ओळखा. लेखांचा पूर आला. सहकारी एकमेकांना चांगले गुण देऊ लागले, त्यामुळे खरंच कामाचा लेख कोणता हे कळेना. लेख तपासणाऱ्या तज्ज्ञांवर ताण आला. शेवटी कंपनीला योजना बदलावी लागली आणि बक्षिसापेक्षा लेखाचा प्रत्यक्ष उपयोग किती झाला याकडे लक्ष द्यावं लागलं. या अनुभवावर व्यवस्थापनशास्त्रात अभ्यास झालेत.

झेरॉक्स कंपनीचा अनुभव याच्या उलट. १९९० च्या दशकात तिने कॉपी मशीन दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांसाठी 'युरेका' नावाची यंत्रणा बनवली. तंत्रज्ञ खरं शिकायचे ते मॅन्युअलमधून कमी आणि चहा-कॉफी पिताना एकमेकांना सांगितलेल्या किश्शांमधून जास्त, हे ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाच्या अभ्यासातून पुढे आलं होतं. मग युरेकात तंत्रज्ञांनीच टिप लिहायची, दुसऱ्या तंत्रज्ञांनी तपासायची आणि टिपेखाली लिहिणाऱ्याचं नाव यायचं, असं ठरलं. रोख बक्षीस नव्हतं. तरीही हजारो टिपा जमल्या, कारण आपल्या बरोबरीच्या लोकांत नाव होणं त्यांना मोलाचं वाटत होतं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप का पुरत नाही?

"आमचा ग्रुप आहे ना, सगळं त्यात आहे." हे मी अनेक ठिकाणी ऐकलंय. ग्रुप झटपट विचारायला उत्तम आहे. पण साठवणुकीसाठी तो कच्चा पडतो, आणि त्याची कारणं थेट अ‍ॅपच्या रचनेत आहेत:

१. ग्रुपमध्ये नव्याने आलेल्या माणसाला जुने मेसेज आपोआप दिसत नाहीत. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्याच्याच हातात काही नाही.
२. डिसअपिअरिंग मेसेज चालू असेल तर २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी मेसेज जातात.
३. खातं १२० दिवस वापरलं नाही तर व्हॉट्सअ‍ॅप ते डिलीट करू शकतं. बॅकअप प्रत्येकाच्या वैयक्तिक खात्यात असतो, ऑफिसच्या ताब्यात नसतो.
४. बंद झालेला मोबाइल नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. ऑफिसच्या कामाचे ओटीपी जुन्या कर्मचाऱ्याच्या नंबरवर जोडलेले असतील तर गोंधळ होतो.
५. एकाच रेटलिस्टच्या चार फाइल ग्रुपवर असतात. त्यातली शेवटची कोणती, हे ग्रुप सांगत नाही.

मी पाहिलेल्या एका छोट्या ऑफिसमध्ये सरकारी पोर्टलचं लॉगिन एकाच कर्मचाऱ्याच्या खासगी नंबरवर होतं. ती नोकरी सोडून दुसऱ्या शहरात गेली आणि नंबर बदलला. पुढचा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा ओटीपी येणार कुठे? नंबर बदलून घ्यायला अर्ज, पत्रं, चकरा. चूक तिची नव्हती. ऑफिसने स्वतःचा नंबरच ठेवला नव्हता.

म्हणून माझा साधा नियम: प्रश्न ग्रुपवर विचारा, उत्तर मिळालं की ते पानावर लिहा, आणि पानाची लिंक ग्रुपवर टाका. दुसऱ्यांदा तोच प्रश्न आला की फक्त लिंक द्या.

सुरुवात कशी करायची? सात पायऱ्या

पायरी १: 'उद्या तो आला नाही तर?' ही यादी करा

टीममधल्या प्रत्येक माणसासमोर लिहा, तो उद्यापासून पंधरा दिवस आला नाही तर कोणतं काम अडेल? ज्या कामासमोर एकच नाव आहे आणि जे अडलं तर पैसे, ग्राहक किंवा सुरक्षितता धोक्यात येते, ते आधी घ्या. सगळं लिहायला बसू नका. पहिल्या महिन्यात पाच पानं झाली तरी खूप.

पायरी २: एकच जागा ठरवा, आणि ती ऑफिसच्या नावावर ठेवा

गुगल डॉक्स, नोशन, विकी, काहीही चालेल. विकी म्हणजे कुणालाही दुरुस्त करता येईल असं पान. वॉर्ड कनिंगहॅमने पहिली विकी २५ मार्च १९९५ ला सुरू केली, ती प्रोग्रॅमर मंडळींनी आपसात अनुभव वाटण्यासाठी. विकिपीडिया त्यानंतरची. आपली मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे.

टूल कोणतंही घ्या, पण खातं कुणाच्या खासगी जीमेलवर नको. फाइल ज्याच्या खात्यात बनते तो तिचा मालक असतो. त्याने ती डिलीट केली तर तुमच्या शेअर लिंकला काही अर्थ राहत नाही. शिवाय दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक गुगल खातं कंपनी बंद करू शकते. ऑफिससाठी वेगळं खातं काढा, रिकव्हरी नंबर ऑफिसचा द्या आणि किमान दोन जबाबदार लोकांना त्याचा ताबा द्या. डॉक्समध्ये 'व्हर्जन हिस्टरी' असते, त्यामुळे कुणी चुकून काही पुसलं तरी जुनं परत आणता येतं.

जिथे फोन आत नेता येत नाही तिथे बांधीव रजिस्टर वापरा. खाणीत चालतं, तुमच्याकडेही चालेल.

पायरी ३: एका कामाला एक पान

मोठं मॅन्युअल कुणी वाचत नाही. एक पान, एक काम. साचा असा ठेवा: कधी लागतं, पायऱ्या, काय करू नये, अडलं तर कोणाला विचारायचं, शेवटचं कोणी आणि कधी तपासलं. वाडीतल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसचं एक नमुना पान बघा.

पानाचं नाव: ई-वे बिल चुकलं तर
कधी लागतं: बिल बनवल्यावर चूक लक्षात आली किंवा वाटेत गाडी बदलली तर.
पायऱ्या: गाडी बदलली असेल तर बिल रद्द करू नका, भाग 'ब' मध्ये नवीन गाडीचा नंबर टाका. मालाचा तपशील, किंमत किंवा जीएसटी नंबर चुकला असेल तर त्या बिलात दुरुस्ती होत नाही. बनवल्यापासून २४ तासांच्या आत ते रद्द करा आणि नवीन बनवा. रस्त्यात अधिकाऱ्याने तपासलेलं बिल रद्द करता येत नाही.
काय करू नये: नवीन बिल ड्रायव्हरला मिळालं याची फोनवर खात्री होईपर्यंत गाडी हलवू नका.
अडलं तर: अकाउंट्स विभाग, ऑफिसच्या नंबरवर.
शेवटची तपासणी: नाव आणि तारीख.

बघा, हे वाचायला दोन मिनिटं लागतात. रात्री अकरा वाजता ड्रायव्हरचा फोन आला तर नवीन मुलगाही यावरून काम निभावून नेईल. 'अडलं तर' मध्ये माणसाच्या नावाऐवजी पद किंवा विभाग लिहा. माणसं बदलतात, पद राहतं.

पायरी ४: अनुभवी माणसाला लिहायला लावू नका, बोलायला लावा

तीस वर्षं मशीनवर काम केलेल्या माणसाला "डॉक्युमेंट करा" म्हटलं की तो टाळणारच. त्याच्याजवळ बसा, परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा. जीबोर्डमध्ये मराठी व्हॉइस टायपिंग आहे, बोललेलं थेट अक्षरांत येतं. नंतर तुम्ही साफ करा आणि त्यांना वाचून दाखवा.

प्रश्न कसा विचारता यावर सगळं आहे. "हे काम कसं करता?" असं विचारलं तर "नेहमीसारखं" असं उत्तर येतं. त्याऐवजी विचारा, "काका, मागच्या वेळी मशीन बंद पडली तेव्हा तुम्ही सगळ्यात आधी काय पाहिलं?" किंवा "नवीन पोरं इथे कुठे चुकतात?" मग किस्से निघतात, आणि अव्यक्त ज्ञान बहुतेक वेळा किश्शांतच असतं.

कॉम्प्युटरवरचं काम असेल तर स्क्रीन रेकॉर्डिंग करा. पण पाच मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ नको, आणि त्याखाली पायऱ्या लिहाच. व्हिडिओत शोधता येत नाही, अक्षरांत येतं.

पायरी ५: पान जिथे काम होतं तिथे चिकटवा

पानाच्या लिंकचा क्यूआर कोड बनवा, प्रिंट काढा आणि मशीनवर, काउंटरवर, फाइल कपाटावर लावा. अडलेला माणूस फोल्डर शोधत बसत नाही. कॅमेरा लावला की पान उघडलं पाहिजे. लिंकची परवानगी मात्र फक्त ऑफिसच्या लोकांपुरती ठेवा.

पायरी ६: नवीन माणसाकडून तपासून घ्या

ज्याने पान लिहिलं त्याला त्यातली उणीव दिसत नाही. ज्याने ते काम कधीच केलं नाही अशा मुलाला किंवा मुलीला फक्त पान द्या आणि बाजूला गप्प उभे राहा. तो जिथे थांबेल तिथे एक ओळ कमी आहे. तुम्ही नवीन असाल तर हे काम स्वतः मागून घ्या. ऑफिसमध्ये तुमचा सगळ्यात मोठा उपयोग पहिल्या तीन महिन्यांतच आहे, कारण तोपर्यंत तुम्हाला प्रश्न पडतात.

पायरी ७: पासवर्ड आणि ग्राहकांची माहिती पानावर लिहू नका

पासवर्डसाठी बिटवॉर्डनसारखा पासवर्ड मॅनेजर वापरा. ग्राहकांचे आधार, पॅन, रिपोर्ट हे ग्रुपवर किंवा सगळ्यांना दिसणाऱ्या डॉकमध्ये टाकू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झालाय. त्यानुसार अशी माहिती सांभाळायची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर येते.

लोक सांगत का नाहीत?

आता खरी अडचण. बऱ्याच ठिकाणी टूल असतं, साचा असतो, तरी माणूस सांगत नाही. आपण त्याला अडेलतट्टू म्हणून मोकळे होतो. पण त्याच्या जागी उभं राहून बघा. पंधरा वर्षं कंत्राटावर काम, पक्की नोकरी नाही. त्याच्याजवळची एकमेव ताकद म्हणजे ती मशीन फक्त त्यालाच कळते. ते सगळं एका पानावर उतरवून दिलं आणि पुढच्या महिन्यात कमी पगारात नवीन मुलगा आला तर? ही भीती खोटी नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ज्ञान मागण्याआधी मालकाने किंवा मॅनेजरने तीन गोष्टी द्यायला हव्यात. एक, लिहिण्या-सांगण्यासाठी ड्युटीच्या वेळेत तास. घरी जाऊन लिहा म्हटलं तर कुणी लिहीत नाही. दोन, पानावर सांगणाऱ्याचं नाव, आणि पगारवाढीच्या वेळी त्याची दखल. तीन, शिकवणाऱ्याला शिकवण्यामुळे फटका बसणार नाही हा शब्द, आणि तो पाळून दाखवणं. एकदा जरी सांगणाऱ्याला घरी पाठवलं, तर पुढची दहा वर्षं कुणी तोंड उघडणार नाही.

आपण तरुण मंडळीही एक करू शकतो. शिकलो की नाव घ्यायचं. "हे मला शेळके काकांनी दाखवलं" असं मीटिंगमध्ये म्हणायला खर्च येत नाही.

नोकरी सोडताना काय द्यायचं, काय न्यायचं?

तुमचं कौशल्य तुमचंच असतं, ते कुणी काढून घेऊ शकत नाही. पण ग्राहकांची यादी, ऑफिसच्या फाइल, डिझाइन, कोड हे सहसा कंपनीचं असतं. ते स्वतःच्या ड्राइव्हवर घेऊन जाणं करारानुसार अडचणीत आणू शकतं, आधी नियुक्तीपत्र वाचा.

हँडओव्हर शेवटच्या दिवसावर ठेवू नका. नोटीस दिल्याच्या पहिल्या आठवड्यात यादी करा: चालू कामं आणि ती कुठवर आलीत, कोणती लॉगिन माझ्या नंबरवर आहेत, कोणत्या तारखा जवळ येताहेत, कोणत्या ग्राहकाला काय शब्द दिलाय. मग पुढचा माणूस काम करेल आणि तुम्ही बाजूला बसून बघाल, असे दोन-तीन दिवस ठेवा. हे झालं की सोडल्यावर रात्री-बेरात्री येणारे फोनही कमी होतात.

एआयला विचारलं तर चालेल का?

नोटबुकएलएमसारख्या टूलमध्ये तुमची पानं टाकली तर ते त्यातूनच शोधून उत्तर देतं आणि कुठल्या पानातून घेतलं तेही दाखवतं. मोठ्या टीमला हे उपयोगी आहे. पण पान २०२२ चं असेल तर उत्तरही २०२२ चंच येईल, आणि तितक्याच ठामपणे. जे कुणी लिहिलंच नाही ते एआयलाही माहीत नसतं. ऑफिसची गोपनीय कागदपत्रं वैयक्तिक खात्यातून अशा टूलमध्ये टाकण्याआधी परवानगी घ्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमची टीम फक्त तीन जणांची आहे, गरज आहे का?
जास्त आहे. तिघांतला एक गेला तर एक तृतीयांश ज्ञान गेलं.

पानं मराठीत लिहायची की इंग्रजीत?
काम करणारा ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेत. नागपुरात मराठी-हिंदी मिसळून लिहिलं तरी चालेल. मेनू आणि बटणांची नावं मात्र स्क्रीनवर जशी दिसतात तशीच ठेवा.

पानं जुनी होतात, त्याचं काय?
प्रत्येक पानाला एक जबाबदार माणूस आणि तपासणीची तारीख द्या. सहा महिन्यांत कुणी हात लावला नसेल तर तपासा किंवा काढून टाका. चुकीचं पान हे नसलेल्या पानापेक्षा जास्त नुकसान करतं.

मी ज्युनिअर आहे, माझं कोण ऐकणार?
कुणाला सांगूच नका. तुम्हाला जे काम नुकतंच शिकवलं त्याचं एक पान बनवा, शिकवणाऱ्याला दाखवून दुरुस्त करून घ्या आणि पुढच्या वेळी कुणी विचारलं की लिंक द्या. एक पान कामी आलं की दुसरं लोक स्वतः मागतात. आज घरी जाण्याआधी पायरी १ मधली यादी तेवढी करा. दहा मिनिटांचं काम आहे.